विहिरीला पेट्रोलचा वास, पण स्टॉक जुळतोय: गळती शोधायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे–जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे, वीस-बावीस वर्षांचा जुना पंप. पेट्रोलची एक टाकी २० हजार लिटरची, डिझेलच्या दोन. पेट्रोलची विक्री दिवसाला सुमारे ४,००० लिटर. टाकीत सबमर्सिबल मोटर. पहिले दोन-तीन दणक्याचे पाऊस झाल्यावर साधारण १२० मीटरवरच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला पेट्रोलचा वास यायला लागला. पण त्याहून जवळची, ४० मीटरवरची विहीर स्वच्छ आहे. रजिस्टरमधली तूट मर्यादेत आहे. पंपचालक विचारतात, की गळती आपली नाहीच असं समजायचं का, की जेसीबी बोलावून टाकी उघडायची?

दोन्ही नको. कारणं पुढे येतीलच, पण आधी विहिरीचं बघा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती विहिरीत उतरते आणि पाण्याच्या वर साचून राहते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्के झालं की ठिणगीला पेट घेते. आपल्याकडे विहिरीतली मोटर, काठावरच्या पेटीतला स्टार्टर, गाळ काढायला उतरणारा माणूस, त्याच्या तोंडातली बिडी, हे सगळं त्या वाफेच्या आसपासच असतं. म्हणून आजच शेतकऱ्याला सांगा: मोटर चालू करायची नाही आणि स्टार्टरला हातही लावायचा नाही. वीज बंद करायची तर लांबून, डीपीवरून, आणि तीही वायरमनकडून. विहिरीत कोणी उतरायचं नाही, बॅटरी घेऊनही नाही. जनावरांना ते पाणी नको, ठिबकला नको, आणि 'उपसून टाकू' म्हणून नाल्यात तर मुळीच नको. डिटर्जंट किंवा फिनेल ओतल्यानं पेट्रोल जात नाही. ते पाण्यात आणखी मिसळतं आणि पुढचा नमुनाही बिघडतो. उकळून प्यायचा विचार कोणी केला तर थांबवा, कारण त्यानं वाफ स्वयंपाकघरात येते.

वास कमी आहे म्हणून धोका कमी असं समजू नका. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असतं, म्हणजे लिटरमागे १० मिलिलिटर, वजनानं पावणेनऊ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमधलं बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं.

आता तुमच्या 'स्टॉक जुळतोय' याकडे. तो जुळतो याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. दोन चुका एकमेकींना झाकत असल्या तरी स्टॉक जुळतो. झाकणाऱ्या गोष्टी चार आहेत.

पहिली, नोझल. पाच लिटरच्या मापाला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक वैधमापनात चालतो. तुमची नोझलं मापामागे २५ मिलिलिटर कमी देत असली, तर ४,००० लिटरच्या विक्रीला ८०० मापं, म्हणजे रोज २० लिटर पेट्रोल टाकीत जास्तीचं उरायला हवं. ते उरत नसेल आणि हिशेब शून्यावर येत असेल, तर ते २० लिटर कुठेतरी जातायत. उलट नोझल जास्त देत असेल तर गळती नसतानाही तूट दिसते. म्हणून पहिलं काम, प्रत्येक नोझल पाच लिटरच्या मापानं तीनदा तपासा, आणि आलेला फरक मिलिलिटरमध्ये लिहा. 'ओके' लिहिलेलं रजिस्टर तपासात काहीच कामाचं नाही.

दुसरी, तापमान. पेट्रोल एका अंशाला दर १० हजार लिटरमागे साधारण १२ लिटर फुगतं किंवा आकसतं, डिझेल ८ लिटर. मे महिन्यात मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून भरलेला १२ हजारांचा टँकर ४० अंशांवर पोहोचला आणि जमिनीखालची टाकी ३० अंशांवर असली, तर पुढच्या दिवस-दोन दिवसांत १४४ लिटर 'गायब' होतात. ही तूट खरी नाही. पण सवय अशी लागते, की उन्हाळाभर शंभर-सव्वाशे लिटर गेले की आकसलं म्हणून सोडून द्यायचं. पावसाळ्यात टँकर थंड येतो आणि ही तूट जवळपास संपायला हवी. तुमची एप्रिल-मेची आणि आताची तूट टँकरमागे सारखीच असेल, तर तिथेच मला गळतीचा पहिला संशय येईल. टँकर आणि टाकी, दोन्हींचं तापमान रजिस्टरला असेल तर हे अर्ध्या तासात कळतं.

तिसरी, डिप, म्हणजे डिपरॉड ही खुणांची पट्टी टाकीत सोडून मोजलेली पातळी. २० हजारांची टाकी साधारण दोन मीटर व्यासाची आणि साडेसहा मीटर लांब असते. निम्मी भरलेली असताना एक मिलिमीटर म्हणजे १३ लिटर. डिपरॉड तिरका गेला, तळाला आपटून झिजला, किंवा माणसानं घाईत ३ मिलिमीटर चुकीचे वाचले, की ३९ लिटरचा फरक पडला. म्हणून एका दिवसाच्या तुटीवरून काहीच ठरवू नका. तीस दिवसांची तूट रोजच्या रोज बेरीज करत एका कागदावर मांडा. चुका वर-खाली होतात आणि एकमेकींना खातात, गळती मात्र एकाच बाजूला सरकत राहते. ती रेघ खाली उतरताना स्पष्ट दिसते.

चौथी आणि सगळ्यात फसवी, पाणी. टाकीला तळाकडे छिद्र असेल आणि पावसाळ्यात भोवतालचं पाणी वर आलं, तर पेट्रोल बाहेर जाण्याऐवजी पाणी आत येतं. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर छिद्रावर एक मीटर पाणी असताना ते थोपवायला आत १.३५ मीटर पेट्रोल लागतं. टाकी भरलेली असताना पेट्रोल बाहेर, रिकामी होत आली की पाणी आत, असं आलटून पालटून होतं आणि एकूण डिप छान जुळतो. पूर्वी पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट डिपरॉडला लावली की पाणी लगेच कळायचं. आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी आधी इथेनॉलमध्येच विरघळतं आणि पेस्टला दिसत नाही. जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो. म्हणून पेस्टवर विसंबू नका. तळाचा नमुना काचेच्या बरणीत काढून उजेडात बघा, आणि वरच्या व तळाच्या नमुन्यांची घनता हिशेबानं १५ अंशांच्या तापमानावर आणून ताडून पाहा.

मर्यादेचंही सांगतो. अमेरिकेत महिन्याच्या हिशेबासाठी विक्रीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९२ लिटर, असा नियम आहे. तुमच्या १,२०,००० लिटर विक्रीला तो लावला तर जवळपास १,६९० लिटरपर्यंतची तूट चालते. रोज ५० लिटर जमिनीत मुरत असले तरी महिन्याला १,५०० होतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. रजिस्टर मर्यादेत आहे हे वाक्य त्या शेतकऱ्यापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे बचाव म्हणून वापरू नका, ते टिकत नाही.

कागद झाला की तूट कशी वागते ते बघा, कारण त्यावरूनच जागा कळते. विक्रीबरोबर वाढते, बंदच्या दिवशी थांबते, तर नोझल किंवा दाबाची लाइन. रात्रीही चालूच राहते, तर टाकी. टाकी एका पातळीच्या वर भरली की होते आणि खाली आली की थांबते, तर त्या पातळीवरचा जोड, भरण्याचा पाइप, किंवा मॅनहोलचं गॅस्केट. फक्त टँकर खाली केल्याच्या दिवशी होते, तर भरण्याच्या तोंडाशी सांडतंय. या शेवटच्याला फार कोणी मोजत नाही. तीन इंची, चार मीटर लांब नळीत सुमारे अठरा लिटर पेट्रोल उरतं. नळी नीट निथळली नाही आणि भरण्याच्या तोंडाचा हौद फुटका असला, तर दर टँकरला बादलीभर पेट्रोल थेट मुरमात जातं.

रात्रीची स्थिर चाचणी अशी करा. टँकर खाली होऊन किमान सहा तास झालेले असावेत. पंप बंद करून मोटरचा स्विच काढा आणि कुलूप लावा. डिप तीनदा घेऊन सरासरी काढा, तापमान लिहा, पाणी बघा. आठ तासांनी तेच पुन्हा करा. तापमानाची दुरुस्ती केल्यावर दोन मिलिमीटर उतरले असतील तर निम्म्या टाकीला २६ लिटर गेले, म्हणजे तासाला तीन लिटरहून जास्त. याहून बारीक गळती डिपरॉडला पकडता येत नाही. ऑटोमेशनचा प्रोब, म्हणजे टाकीतली पातळी आपोआप मोजणारा दांडा, असेल तर त्याची स्थिर गळती चाचणी लावा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे अशा यंत्रानं तासाला ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर पकडायला हवं. पाऊण लिटरही दिवसाला १८ लिटर होतात. ऑटोमेशनमधले जुने अलार्मही काढून बघा. बऱ्याच पंपांवर ते 'सेन्सर खराब' म्हणून बंद करून टाकलेले असतात.

तुमच्याकडे सबमर्सिबल असल्यामुळे माझा पहिला संशय टाकीवर नसून लाइनवर आहे. मोटर चालू असताना टाकीपासून डीयूपर्यंतचा (गाडीत पेट्रोल भरणाऱ्या यंत्रापर्यंतचा) पाइप साधारण २ किलो दाबाखाली असतो. जोड सैल झाला तर पेट्रोल दाबानं बाहेर पडतं, आणि मोटर बंद असताना केलेली रात्रीची चाचणी स्वच्छ येते. जुन्या ओढणीच्या पंपात, म्हणजे जिथे डीयूमधली मोटर टाकीतून पेट्रोल वर ओढते, उलटं होतं. तिथे पाइपमध्ये दाब कमी असल्यानं फटीतून हवा आत येते, डीयू उचक्या देतो, काचेत बुडबुडे दिसतात. मोटर थांबली की पेट्रोल टाकीकडे परत जातं, अर्थात उलट न सोडणारा व्हॉल्व्ह डीयूपाशी असला आणि पाइपला टाकीकडे उतार असला तर. व्हॉल्व्ह टाकीपाशी असेल तर भरलेला पाइप रात्रभर झिरपत राहतो.

लाइनच्या चाचणीसाठी प्रत्येक डीयूखालचा आपत्कालीन व्हॉल्व्ह बंद करून त्या भागात पेट्रोलचाच दाब द्यायचा, साधारण चालू दाबाच्या दीडपट, आणि गेज किती उतरतो ते बघायचं. हे काम कंपनीच्या अधिकृत ठेकेदाराकडूनच करून घ्या. कॉम्प्रेसरनं हवा भरून लाइन तपासण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला पंपाबाहेर काढा. पेट्रोलच्या पाइपात हवा कोंबणं म्हणजे पेटणारं मिश्रण आपल्या हातानं तयार करणं आहे.

चाचणीच्या आधी डीयूचं खालचं झाकण मात्र स्वतः उघडून बघा. फिल्टरचं गॅस्केट, मीटरचं सील, लवचीक पाइपचा जोड, खालची वाळू. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला साधारण दीड-दोन लिटर. काळ्या मातीत वसलेल्या पंपांवर हेच जोड आधी सुटतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते, आणि कडक लोखंडी पाइपला दरवर्षी थोडं थोडं वाकवते. फरशीला नवीन भेग दिसली तर तिच्याखालून कोणता पाइप जातो ते नकाशावर बघा.

आता तुमचा खरा गोंधळ: जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची नासलेली कशी? खान्देशात यात आश्चर्य काहीच नाही. तुमच्या भागात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. पेट्रोल उताराकडे पसरत जात नाही, ते भेगेतून जातं. भेग जवळच्या विहिरीला टाळून लांबच्या विहिरीला भेटली, की झालं. दोन लाव्हाथरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यावर ते अडतं आणि आडवं सरकतं. धुळे, साक्री, नंदुरबारकडे जमिनीत भिंतीसारखे उभे खडकाचे पट्टे, म्हणजे डाइक, आहेत. पाणी कुठे त्यांच्यामागे अडतं, तर कुठे त्यांच्या कडेच्या भेगांतून लांबवर पळतं. तापीकाठच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा भागात गोष्ट वेगळी. तिथे वाळू-गोट्याचा आणि चिकणमातीचा जाड गाळ आहे आणि पाणी खोल आहे. तिथे पेट्रोल कोरड्या थरात लटकून राहतं आणि विहिरीत वास यायला बराच काळ जातो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. वास पहिल्या पावसानंतर आला म्हणून गळती पावसात सुरू झाली, असं नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असताना सांडलेलं पेट्रोल कोरड्या भेगांत चिकटून राहतं, पाणी वर आलं की तेच वर तरंगतं. जुलैतला वास फेब्रुवारीच्या गळतीचा असू शकतो, मागच्या वर्षी दुरुस्त केलेल्या जोडाचाही असू शकतो. म्हणून रजिस्टर तीस दिवसांचं मांडून झाल्यावर मागच्या बारा महिन्यांचंही मांडा, आणि दुरुस्तीची बिलं तारखेसह जोडा.

प्रवाहाची दिशा डोळ्यांनी ठरवू नका. त्रिकोणात येतील अशा तीन विहिरी किंवा बोअर घ्या, सकाळी मोटरी चालू होण्याआधी तिन्हींची पाण्याची पातळी मोजा, आणि लेव्हल लावून ती एकाच उंचीच्या खुणेवरून काढा. पातळी जिकडे उतरते तिकडे पाणी वाहतं. ज्या विहिरीवर दिवसभर उपसा चालतो ती आजूबाजूचं पाणी, आणि त्यासोबत पेट्रोल, स्वतःकडे ओढते. १२० मीटरवरच्या शेतकऱ्याचा उपसा ४० मीटरवाल्यापेक्षा जास्त आहे का, हे आधी विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात भागातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या नोंदी असतात, त्याही मागवा.

आणि हो, पेट्रोल तुमचंच आहे हेही गृहीत धरू नका. रस्त्याकडेचं गॅरेज, ट्रक धुण्याचा रॅम्प, बंद पडलेल्या जुन्या पंपाच्या पुरलेल्या टाक्या, कधीतरी उलटलेला टँकर, शेतकऱ्याच्या स्वतःच्या डिझेल इंजिनाचं पिंप, हे सगळं पायी फिरून बघा. पाण्यावरचा रंगीत तवंग काडीनं मोडून पाहा. तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा असतो, परत मिळून आला तर तेल.

नमुने आधी स्वच्छ विहिरीचे घ्या, शेवटी वासाच्या. बेंझीनसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या काठोकाठ भरा, आत एकही बुडबुडा नको. त्या बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवा. आम्ल घातलेले नमुने १४ दिवसांत तपासले जायला हवेत, न घातलेले ७ दिवसांत. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेला फक्त 'तेल आहे का' विचारू नका, गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा, आलेख मागा. पेट्रोल आणि डिझेलचे आलेख वेगळे येतात. आणि इथेनॉल तपासायला सांगा. ते पाण्यात पटकन विरघळतं आणि जिवाणू ते लवकर खातात, त्यामुळे सापडलं तर गळती ताजी आणि आजच्या पंपाच्या पेट्रोलची. सापडलं नाही तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खोदायचं ते यानंतर, आणि तेही आधी हाताच्या ऑगरनं (जमिनीत भोक पाडणाऱ्या गिरमिटानं), एक ते दीड मीटर: भरण्याच्या तोंडाशी, पाइपच्या वळणांवर, प्रत्येक डीयूखाली. केबल आणि पाइप आधी आखून घ्या. माती बरणीत निम्मी भरून फॉइलनं झाका, दहा-पंधरा मिनिटांनी वाफमापकाची सुई आत घाला आणि आकडा लिहा. नाक लावू नका. पाइपभोवतीची वाळूची खोबणही तपासा, कारण पेट्रोलला घट्ट मातीपेक्षा तीच सोपी वाट असते. ती ओळ धरून ते शेजारच्या हॉटेलच्या गटारातही निघतं. जेसीबी आधी लावला तर हीच वाट मोडते आणि मूळ जोड कुठला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. टाकीत माणूस उतरवण्याचा विषय तर काढूच नका. ते काम टाकी वायुमुक्त करणाऱ्या प्रशिक्षित लोकांचं आहे.

कोणतीही चाचणी गळती दाखवत असेल तर ती टाकी किंवा लाइन त्याच क्षणी बंद करा. उरलेलं पेट्रोल कंपनीच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवा. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला लेखी कळवा. पेट्रोल पेटून आग किंवा स्फोट झाला आणि त्यात जीवितहानी किंवा माणसांना, मालमत्तेला गंभीर इजा झाली, तर पेट्रोलियम कायदा, १९३४ च्या कलम २७ खाली त्या अपघाताची खबर दंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे आणि स्फोटके मुख्य नियंत्रकांना द्यावी लागते. त्यांच्या संघटनेचं मुख्यालय नागपूरला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ग्रामपंचायत यांनाही कळवा, आणि शेतकऱ्यासमोर पंचनामा करून घ्या.

शेतकऱ्याला टँकरनं पिण्याचं पाणी आजपासून द्या, निकाल यायच्या आधी. त्यानं दोष मान्य केल्यासारखं होतं असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो ऐकू नका. लेखी देताना 'तपास चालू असेपर्यंत' एवढं लिहिलं की पुरतं.